फक्त डावीकडे: अमेरिकेच्या दक्षिणेतले स्टॉक कार ट्रॅक, त्यांची माती आणि गाड्या

डावं_वळण

स्टॉक कार, म्हणजे मुळात शोरूममधल्या साध्या गाड्यांच्या शर्यती, म्हटलं की लोकांना फ्लोरिडातला डेटोनाचा मोठा ट्रॅक आठवतो. हा धागा त्याबद्दल नाही. नॉर्थ आणि साउथ कॅरोलायना, व्हर्जिनिया, जॉर्जिया या पट्ट्यात पाव मैलापासून मैलभर लांबीचे जे ओव्हल (लंबगोल ट्रॅक) झाले, जिथे आसपासच्या गावांतली माणसं शनिवारी रात्री नाहीतर रविवारी दुपारी गाड्या पळवायची, त्यांच्याबद्दल आहे. माझं म्हणणं एवढंच, की हा इतिहास विजेत्यांच्या यादीतून कळत नाही, जमिनीतून कळतो. ट्रॅक कुठल्या उतारावर, कुठल्या मातीत, कुणाच्या तळ्याशेजारी बांधला, यावरून गाडीचे पाटे (स्प्रिंग), टायर आणि वजन ठरत गेलं.

ओव्हलच का, हे आधी. काउंटी फेअर म्हणजे आपली जत्रा आणि कृषी प्रदर्शन एकत्र. तिथे घोड्यांच्या शर्यतीसाठी अर्धा मैल किंवा एक मैलाचा मातीचा ओव्हल तयार असायचाच. लाकडी स्टँड असायचा, बाहेर कुंपण असायचं. कुंपण असलं की तिकीट लावता येतं, आणि स्टँडवरून सगळा ट्रॅक दिसतो. मोटारवाल्यांना आयतंच मिळालं. अमेरिकेत घोडे घड्याळाच्या उलट्या दिशेने पळायचे, म्हणून गाड्याही तशाच. अमेरिकन गाडीत ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणजे त्याचं वजन आपोआप वळणाच्या आतल्या बाजूला येतं आणि बाहेरच्या भिंतीपासून तो लांब राहतो. हा निव्वळ योगायोग, पण पुढे सगळी गाडी त्याभोवती रचली गेली.

अटलांटाजवळचा लेकवुड असाच, तळ्याभोवतीचा एक मैल. १९३८ च्या नोव्हेंबरात तिथे झालेली स्टॉक कार शर्यत लॉइड सी या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराने जिंकली. गाडी फोर्ड व्ही-८. मालक रेमंड पार्क्स, मेकॅनिक रेड व्होग्ट. तिघांचाही चोरट्या दारूच्या धंद्याशी संबंध. १९४१ च्या सप्टेंबरात सीला त्याच्या नात्यातल्याच माणसाने गोळी घातली. भांडण कशावरून, तर दारू गाळायला घेतलेल्या साखरेच्या पैशांवरून.

कुतूहल

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न: ‘स्टॉक’ म्हणजे शोरूममधून आणली तशीच गाडी ना? मग ‘मॉडिफाइड’ हा प्रकार कुठून आला?

पाटेवाला

क्रम उलटा आहे. मॉडिफाइड आधी.

१९४७ च्या १४ डिसेंबरला डेटोना बीचच्या स्ट्रीमलाइन हॉटेलात बैठक झाली, १९४८ च्या २१ फेब्रुवारीला नॅसकारची, म्हणजे स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या संघटनेची, कंपनी म्हणून नोंद झाली. त्या १९४८ च्या हंगामातल्या गाड्या म्हणजे महायुद्धाआधीच्या फोर्ड कूपे, मडगार्ड कापलेल्या, इंजिन वाढवलेल्या. नव्या गाड्या पळवायच्या नाहीत, कारण युद्धानंतर नव्या गाडीसाठी लोक रांगेत उभे होते. तीच ट्रॅकवर आपटलेली बघणं कुणाला आवडेल? तुटवडा ओसरल्यावर १९४९ मध्ये ‘स्ट्रिक्टली स्टॉक’, म्हणजे शोरूममधल्या तशाच गाड्यांचा, वर्ग काढला.

पहिली शर्यत १९ जून १९४९, शार्लट. पाऊण मैलाचा मातीचा ट्रॅक, २०० फेऱ्या, ३३ गाड्या. पहिला आला ग्लेन डनअवे, १९४७ ची फोर्ड. तपासणीत मागचे पाटे फाकवलेले निघाले, म्हणजे पाचर मारून ताठ केलेले. हा दारूवाल्यांचा जुना इलाज. डिकीत माल भरला की मागचा भाग बसतो, पोलिसांना लांबून कळतं आणि वळणात गाडी डोलते. पाटे ताठ केले की दोन्ही सुटतं. माल उतरवल्यावर तेच ताठ पाटे मातीच्या वळणात गाडी सपाट ठेवतात. डनअवे बाद झाला आणि पहिलं बक्षीस लिंकनवाल्या जिम रोपरला गेलं. डनअवेच्या गाडीच्या मालकाने दहा हजार डॉलरचा दावा लावला, न्यायाधीशाने काढून टाकला. नियम ठरवायचा आणि माणसाला बाद करायचा अधिकार संघटनेचाच, हे त्या दिवशी पक्कं झालं. पुढची सगळी तपासणी त्या पाट्यांवर उभी आहे म्हणा ना.

शार्लटकर

थोडा विरोध नोंदवतो. ‘दारूवाल्यांनी नॅसकार काढलं’ हे ऐकायला झकास, पण अर्धंच खरं. गाड्या, मेकॅनिक आणि सुरुवातीचा पैसा बऱ्याच अंशी तिकडून आला, कबूल. हॉटेलातली बैठक मात्र प्रामुख्याने शर्यती भरवणाऱ्यांची होती. त्यांची दुखणी वेगळीच: तिकिटाचे पैसे घेऊन पळणारे आयोजक, प्रत्येक गावात वेगळे नियम, बक्षिसाची हमी नाही, विमा नाही. नॅसकारच्या संस्थापक बिल फ्रान्सने विकलं ते हेच, की बक्षीस जाहीर केलं तेवढं मिळेल आणि गुण सगळीकडे एकत्र मोजले जातील.

आणि दारूच्या धंद्यातून आलेला ड्रायव्हर म्हणून ज्युनियर जॉन्सनचं नाव येणारच, म्हणून आधीच. नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्क्स काउंटीचा. १९५६ मध्ये पकडला गेला तो गाडी पळवताना नाही, बापाच्या भट्टीवर. सुमारे अकरा महिने ओहायोतल्या तुरुंगात. राष्ट्राध्यक्ष रेगनने १९८६ मध्ये माफी दिली. तोवर एकूण ५० शर्यती जिंकून झाल्या होत्या.

पाटेवाला

सहमत. आता त्या फोर्ड व्ही-८ इंजिनाबद्दल, कारण सगळे ‘फ्लॅटहेड’ म्हणून पुढे जातात.

१९३२ चं इंजिन २२१ घनइंच, ६५ अश्वशक्ती. तिशीच्या अखेरीस ८५ पर्यंत आलं, आणि १९३९ पासून फोर्डच्याच मर्क्युरी गाडीत २३९ घनइंच. व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, ब्लॉकमध्ये आहेत, म्हणून हेड चपटं. दुखणंही तिथेच. जळालेला वायू ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या जागेतून बाहेर काढलाय. मधल्या दोन सिलिंडरांना मिळून एकच वाट. म्हणजे जी उष्णता धुराबरोबर निघून जायला हवी ती रेडिएटरच्या डोक्यावर बसते. दोन वॉटर पंप असूनही गाडी उकळते. शर्यतीत ब्लॉकला व्हॉल्व्हच्या बैठकीपासून सिलिंडरकडे चीर जाते. त्यामुळे जुना ब्लॉक घेताना पहिली तपासणी चिरेची, बाकी सगळं नंतर.

ताकद वाढवायची नेहमीची वाट: दोन किंवा तीन कार्बोरेटर, कॅम बदलायचा, सिलिंडर मोठे करायचे, आणि १९४९ नंतर मर्क्युरीचा ४ इंच स्ट्रोकचा (पिस्टनच्या धावेचा) क्रँक घालायचा. मूळ स्ट्रोक पावणेचार. पाव इंच ऐकायला कमी वाटतं, पण मातीच्या वळणातून निघताना कमी आट्यांवरचा जोर लागतो आणि तो लांब स्ट्रोक देतो.

स्ट्रिक्टली स्टॉकमध्ये मात्र फ्लॅटहेडचं राज्य लवकर संपलं. १९४९ चं ओल्ड्समोबिल रॉकेट ८८: ३०३ घनइंच, व्हॉल्व्ह हेडमध्ये, १३५ अश्वशक्ती. मग हडसन हॉर्नेट. इंजिन साधं सहा सिलिंडरचं, पण ३०८ घनइंचाचं, आणि गाडीचा तळ चेसिसच्या पट्ट्यांच्या आत खाली उतरवलेला. गुरुत्वमध्य खाली, म्हणून वळणात इतर गाड्या कलायच्या तिथे ही बसून जायची. १९५२ मध्ये ३४ पैकी २७ शर्यती हडसनच्या.

कुतूहल

धन्यवाद. आता मातीचं सांगा कुणीतरी. नुसती लाल माती अंथरून रोलर फिरवायचा, की अजून काही?

वाफसा

माझा विषय. आपल्याकडे शेतीत ‘वाफसा’ म्हणतात ना, नांगराला माती ना चिकटते ना ढेकूळ होते, ती अवस्था. मातीचा ट्रॅक सांभाळणं म्हणजे संध्याकाळी सातला आणलेला वाफसा रात्री अकरापर्यंत टिकवणं. कोल्हापुरात तालमीतली माती ताक, तेल, हळद घालून मळतात, तसंच हे काम रोजचं आहे. एकदा करून सुटका नाही.

कॅरोलायनातली लाल चिकणमाती यासाठी उत्तम. वाळू जास्त असेल तर पाणी धरत नाही, नुसती चिकण असेल तर वाळल्यावर भेगा पडतात.

आठवड्याचं चक्र असं. गाड्या माती सतत वर, भिंतीकडे फेकतात. म्हणून शर्यतीनंतरचं पहिलं काम, ग्रेडरने वर साठलेली माती खाली ओढून आणायची. हे टाळलं तर दोन महिन्यांत खालची कड खरवडली जाते, वर बांध उभा राहतो, आणि ट्रॅकचा उतार कागदावर एक नि जागेवर दुसराच होतो. मग वरचे तीन-चार इंच डिस्कने मोकळे करायचे आणि पाणी द्यायचं. पाणी किती? अर्धा मैल लांब, ५० फूट रुंद ट्रॅक म्हणजे साधारण १२,२०० चौरस मीटर. त्यावर ५ मिलीमीटर पाणी द्यायचं तर ६१,००० लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या सहा खेपा. एकदम ओतलं तर उतारावरून वाहून खालच्या कडेला डबकं होतं. थोडं द्यायचं, मुरू द्यायचं, पुन्हा द्यायचं, आणि हे दोन-तीन दिवस.

मग दाबणं. आधी मेंढीच्या खुरासारखे दात असलेला रोलर, कारण तो खालून वर दाबत येतो. गुळगुळीत रोलर आधी फिरवला की वर पापुद्रा बसतो आणि खाली पोकळ राहतं. त्यानंतर सपाट रोलर. शेवटी शर्यतीच्या गाड्याच हळू फिरवायच्या, रांगेने, दर फेरीला जागा बदलत. त्याला व्हील पॅकिंग म्हणतात. टायर पृष्ठभागाची छिद्रं बंद करतात आणि ओल आत राहते.

काय बिघडतं? वर ओलं आणि खाली कोरडं असलं तर वरचा थर पोपडा सुटावा तसा निघतो. खाली ओलं आणि वर वाळलेलं असलं तर त्याहून वाईट. गाडीच्या वजनाने खालचा चिखल दबतो, वरचा वाळलेला थर फुटतो आणि वळणाच्या तोंडाशी खड्डा पडतो. प्रत्येक गाडी त्याच खड्ड्यात उजवं पुढचं चाक घालते. हब आणि टाय रॉड जातात ते तिथेच. पाणी जास्त झालं तर पहिल्या दहा फेऱ्यांत चिखल रेडिएटरच्या जाळीवर बसून इंजिन उकळतं. कमी झालं तर धूळ.

धूळ मारायला कॅल्शियम क्लोराइड टाकतात. ते हवेतली ओल ओढतं. किंमत गाडीला मोजावी लागते, गंज लवकर चढतो. पूर्वी सर्रास जुनं इंजिन ऑइल ओतायचे. पेन्सिल्व्हेनियातल्या लँगहॉर्नची माती तेलाने काळी झालेली असायची.

अजून एक बारीक गोष्ट: चारही भाग सारखे वाळत नाहीत. स्टँडची सावली पडते ती बाजू ओली राहते, मावळतीचं ऊन ज्या वळणावर येतं ते आधी तापतं. जाणता टँकरवाला शेवटची खेप त्याच वळणाला देतो.

डावं_वळण

लँगहॉर्न काढलंत म्हणून. तो ओव्हल नव्हताच, जवळजवळ पूर्ण वर्तुळ. एक मैल, १९२६ पासून. सरळ रस्ता कुठेच नाही, म्हणजे स्टेअरिंगला आणि हातांना क्षणाचीही उसंत नाही. एका बाजूला उताराचा आणि खड्ड्यांचा असा पट्टा, की त्याला ‘प्यूक हॉलो’ म्हणायचे. ओकारीची खळगी. १९६५ मध्ये डांबर घालून आकार बदलला, १९७१ मध्ये बंद. आता तिथे दुकानं आहेत.

धुळीचा किस्सा व्हर्जिनियातल्या मार्टिन्सव्हिलचा प्रसिद्ध आहे. ७ सप्टेंबर १९४७ ला पहिली शर्यत. ट्रॅकमालक क्ले अर्ल्सकडे ७५० जागा तयार होत्या, माणसं आली सहा हजारांवर. रविवार होता, बरेच जण चर्चच्या कपड्यांत. घरी गेले ते लाल होऊन. १९५५ मध्ये त्याने डांबर घातलं.

गणिती

मार्टिन्सव्हिलचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. ०.५२६ मैल म्हणजे २,७७७ फूट. दोन सरळ पट्टे ८०० फुटांचे. उरले ११७७ फूट, दोन अर्धवर्तुळांत. त्रिज्या आली साधारण १८७ फूट, ५७ मीटर. उतार १२ अंश. केवळ उताराच्या जिवावर, टायरला आडवं न ओढता, हे वळण किती वेगाने निघेल? ५७ गुणिले ९.८ गुणिले ०.२१२, त्याचं वर्गमूळ. येतं सेकंदाला ११ मीटर, म्हणजे ताशी ३९ किलोमीटर! मुंबईची बस काढेल. शर्यतीची गाडी तिथे ताशी ९५-१०० किलोमीटरने वळते. उरलेला सगळा भार टायरवर.

आणि पट्ट्यावर वेग घेऊन प्रत्येक टोकाला तो मारायचा असल्यामुळे ब्रेक लालबुंद होतात. मार्टिन्सव्हिलला इंजिनाने कमी आणि ब्रेकने जास्त गाड्या मागे पडतात ते यामुळे. १९७६ मध्ये वळणांत काँक्रीट घातलं, कारण चाकं डांबर उखडत होती. डांबरावरून काँक्रीटवर जाताना पकड बदलते, तो सांधा कुठे ओलांडायचा हे शिकायला हंगाम जातो.

शार्लटकर

विल्क्स काउंटीतलंच नॉर्थ विल्क्सबरो राहिलं कसं? ०.६२५ मैल, १९४७ मध्ये सुरू, इनॉक स्टेली आणि भागीदार. पुढचा पट्टा उताराचा, मागचा चढाचा. सांगतात असं, की जमीन सपाट करायचे पैसे संपले. पैसे संपले म्हणून राहिलेला दोषच त्या ट्रॅकचा स्वभाव झाला. पहिल्या वळणात गाडी उतारावरून येते, ब्रेक लवकर लावावा लागतो, पुढची चाकं जड होतात आणि मागचा भाग सुटायला बघतो. तिसऱ्या वळणाशी चढ असतो, तिथे तीच गाडी नाक सरळ ठेवून बाहेर जायला बघते. एकाच सेटिंगमध्ये दोन्ही बसत नाही. कुठलं वळण सोडून द्यायचं हे ठरवावं लागतं.

साउथ कॅरोलायनातलं डार्लिंग्टनही तसंच. हॅरोल्ड ब्रॅसिंग्टनला १९५० मध्ये मोठा पक्का ट्रॅक बांधायचा होता, पण जमीनमालकाने अट घातली, माझ्या माशांच्या तळ्याला हात लावायचा नाही. म्हणून एक टोक अरुंद, एक रुंद, अंड्यासारखं. सव्वा मैल होता तेव्हा, आता १.३६६. ४ सप्टेंबर १९५० ला पहिली सदर्न ५००, ७५ गाड्या. कुणालाच माहीत नव्हतं की डांबरावर ५०० मैलांत टायरचं काय होतं. मोठ्या गाड्या जोरात गेल्या आणि टायर फोडत बसल्या. जॉनी मँट्झ छोटी प्लिमथ घेऊन आला, रांगेत मागे, पण टायर ट्रकचे कडक रबराचे. साडेसहा तासांवर चाललेली शर्यत त्याने ताशी ७५ मैलांच्या आसपास सरासरीने जिंकली. बैलगाडीच्या चालीने म्हणा हवं तर, पण चाकं शाबूत ठेवून.

कुतूहल

डांबरावर गाडीची जुळवणी कशी करतात? ‘स्टॅगर’, ‘वेज’ हे शब्द सारखे दिसतात.

गणिती

स्टॅगर म्हणजे मागच्या उजव्या टायरचा घेर वजा डाव्याचा घेर. चहाचा कागदी कप आडवा करून ढकला, गोल फिरतो ना? तेच. छोट्या ट्रॅकवरच्या बऱ्याच गाड्यांत मागच्या चाकांचे दोन्ही दांडे (ॲक्सल) एकमेकांना घट्ट बांधलेले असतात, डिफरन्शियल नाही. दोन्ही चाकं सारखेच आटे फिरणार, पण बाहेरच्याला जास्त अंतर जायचंय. म्हणून ते मोठं.

हिशेब: वळणाची त्रिज्या १५० फूट, दोन चाकांमधलं अंतर साडेपाच फूट. बाहेरचं चाक १५२.७५ फुटांवर, आतलं १४७.२५ वर. भागाकार १.०३७. डाव्याचा घेर ८५ इंच असेल तर उजवा ८८.२ हवा, म्हणजे स्टॅगर ३.२ इंच. त्रिज्या २०० फूट घेतली तर २.४ वर येतं. प्रत्यक्षात डांबरावर यापेक्षा कमीच ठेवतात, कारण सरळ पट्ट्यावर तोच स्टॅगर गाडीला डावीकडे ओढतो, टायर घासतो आणि वेग खातो.

पाटेवाला

आणि मोजताना टायर गरम करून, शर्यतीतल्या हवेच्या दाबावर मोजा. थंड टायरवर अडीच इंच मोजलेला स्टॅगर वीस फेऱ्यांनी दोनवर आलेला असतो, कारण डावं-उजवं सारखं तापत नाही आणि सारखं फुगत नाही.

वेजचं सांगतो. उजवं पुढचं अधिक डावं मागचं, या दोन चाकांवरचं वजन एकूण वजनाच्या किती टक्के, ते वेज किंवा क्रॉस वेट. उदाहरण म्हणून १३०० किलोची गाडी धरा:
डावं पुढचं ३५१, उजवं पुढचं २८६,
डावं मागचं ३९०, उजवं मागचं २७३.
डावी बाजू ७४१, म्हणजे ५७ टक्के. क्रॉस २८६ अधिक ३९०, ६७६, बरोबर ५२ टक्के.

क्रॉस वाढवला की गाडी ‘टाइट’: स्टेअरिंग वळवलंय पण नाक भिंतीकडे. कमी केला की ‘लूज’: मागचा भाग पुढे यायला बघतो. डाव्या मागच्या स्प्रिंगवरचा स्क्रू आवळला की डाव्या मागच्यावर आणि उजव्या पुढच्यावर वजन चढतं, उरलेल्या दोघांवरून उतरतं. डाव्या बाजूची टक्केवारी मात्र स्क्रूने हलत नाही. त्यासाठी शिशाचे ठोकळे किंवा बॅटरी उचलून दुसरीकडे बसवावी लागते.

काट्यावर घ्यायचा क्रम चुकवू नका. काटे एका पातळीत, टायरमध्ये ठरलेली हवा, स्टॅगर ठरवलेला, पेट्रोल जेवढं असणार तेवढं, सीटवर ड्रायव्हर किंवा त्याच्या वजनाच्या गोण्या, अँटी-रोल बारचं (गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचं) एक टोक सोडलेलं. मग स्क्रू. सगळ्यात सर्रास होणारी चूक: काट्यावर सगळं जुळवायचं आणि ट्रॅकवर उजवं मागचं टायर बदलायचं. मोठं टायर घातलं की तो कोपरा उचलला जातो, उजवं मागचं आणि डावं पुढचं जड होतं, क्रॉस उतरतो. गाडी अचानक लूज का झाली म्हणून मग शॉकअप बदलत बसतात.

मातीवर यातलं बरंच उलटं. स्टॅगर जास्त, स्प्रिंग मऊ, कारण कोरड्या निसरड्या मातीवर वजन उजव्या मागच्या चाकावर झुकवून पकड मिळवायची असते. तिथे गाडी आडवी चालवतात, स्टेअरिंग उजवीकडे आणि वळण ॲक्सिलरेटरने.

डावं_वळण

मग ही माती गेली कुठे, हा पुढचा भाग. डांबर आलं कारण धूळ नाही, पाण्याचा खर्च नाही, पावसानंतर लवकर सुरू करता येतं. ३० सप्टेंबर १९७० ला नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहराच्या स्टेट फेअरग्राउंडवर नॅसकारच्या मोठ्या मालिकेतली शेवटची मातीची शर्यत झाली, रिचर्ड पेटीने जिंकली. त्यानंतर थेट २०२१, तेही ब्रिस्टलच्या काँक्रीटवर माती आणून टाकून. असली आयात माती मला पटत नाही, पण ते असो.

खरा घाव माती जाण्याचा नाही, १९७२ चा. अमेरिकेत १९७१ च्या जानेवारीपासून टीव्हीवर सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या. तंबाखू कंपनीकडे पैसा होता आणि लावायला जागा हवी होती, ती नॅसकारने दिली. त्या पैशाबरोबर मोठ्या मालिकेचं वेळापत्रक आटलं: १९७१ मध्ये ४८ शर्यती होत्या, १९७२ मध्ये ३१. अडीचशे मैलांहून छोट्या सगळ्या वगळल्या. हिकोरी, साउथ बॉस्टन, बोमन ग्रे, ग्रीनव्हिल अशा ट्रॅकना वर्षातून एक-दोनदा पेटी, पिअर्सन, ॲलिसन असे बडे ड्रायव्हर येत, ते थांबलं.

शार्लटकर

त्यातले बरेच ट्रॅक मेले नाहीत, हेही लिहा. बोमन ग्रे घ्या. विन्स्टन-सेलम शहराच्या मालकीचं स्टेडियम, फुटबॉलच्या मैदानाभोवती पाव मैलाचा सपाट डांबरी पट्टा. १९४९ पासून उन्हाळ्यात दर शनिवारी शर्यती. उतार नाही, रुंदी नाही, पुढे जायचं तर पुढच्याला ढकलूनच. लोक त्यासाठीच येतात. २०२५ च्या फेब्रुवारीत मोठी मालिका पुन्हा तिथे आली.

गावच्या वर्गांत आता ‘क्रेट’ इंजिन. कारखान्यातूनच पेटीबंद येतं, ‘६०२’ म्हणतात ते ३५० घनइंच, ३५० अश्वशक्ती. बोल्ट सीलबंद, उघडलं की कळतं. पैसेवाल्याने इंजिनावर पैसा ओतायचा आणि गरिबाने बघायचं, हे थोडं आटोक्यात आलं. पण खटपटी माणूस थांबतो थोडाच. आता टायरला रसायन चोळून रबर मऊ करतात. म्हणून तपासणीत कडकपणा मोजायचं यंत्र आणि रबराचे नमुने.

मोजणीदार

उशिरा आलो. फेऱ्या कशा मोजायच्या याबद्दल कुणी लिहिलं नाही, आणि या इतिहासातला एक मोठा अन्याय मोजणीआडच लपवला गेला.

इलेक्ट्रॉनिक मोजणीआधी प्रत्येक गाडीला एक माणूस. त्याच्यासमोर मोठं घड्याळ, हातात कार्ड. आपली गाडी रेषेवरून गेली की घड्याळातली वेळ लिहायची. शेवटी सगळी कार्डं जुळवायची. पाव मैलाच्या ट्रॅकवर दर पंधरा-वीस सेकंदांनी नोंद, त्यात धूळ, त्यात चिखलाने बुजलेले नंबर. एक फेरी राहून गेली तर पुढच्या दोन वेळांमधलं अंतर दुप्पट दिसतं, त्यावरून ती शोधता येते. म्हणजे चूक सापडायला हवी असेल तर सापडते.

१ डिसेंबर १९६३, जॅक्सनव्हिल, अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक. डॅनव्हिल, व्हर्जिनियाचा वेंडेल स्कॉट पुढे होता. विजेत्याचा झेंडा आणि ट्रॉफी बक बेकरला. स्कॉटने हरकत घेतली. काही तासांनी ‘कार्डं तपासली’ आणि स्कॉट दोन फेऱ्यांनी पुढे निघाला. दोन फेऱ्या, अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर! तोपर्यंत प्रेक्षक घरी गेले होते. काळा ड्रायव्हर ट्रॉफी घेताना दिसायला नको होता, एवढाच त्याचा अर्थ. नॅसकारने स्कॉटच्या घरच्यांना ट्रॉफी दिली २०२१ मध्ये. तो १९९० मध्येच वारला होता.

कुतूहल

हे माहीत नव्हतं. यातलं मूळ मातीसकट बघता येईल असं काही उरलंय का? नॉर्थ विल्क्सबरो परत सुरू झालंय ना?

डावं_वळण

विल्क्सबरो सुरू आहे. स्टेली १९९५ मध्ये गेला, मालकी दोघांनी अर्धी-अर्धी घेतली, त्यांना ट्रॅक नको होता, त्याच्या वाट्याच्या शर्यतींच्या तारखा हव्या होत्या. १९९६ नंतर त्या टेक्सास आणि न्यू हॅम्पशरला गेल्या. २०२२ मध्ये दारं उघडली, २०२३ मध्ये मोठ्या मालिकेची ऑल-स्टार शर्यत. तेव्हाचं डांबर १९८१ चं होतं, वरची खडी उघडी पडलेली, सँडपेपरसारखी टायर खायची. ड्रायव्हरांना तेच आवडलं, पण भेगा वाढल्या आणि २०२४ आधी नवं घातलं.

मूळ माती हवी असेल तर नॉर्थ कॅरोलायनातल्या हिल्सबरोचं ऑकोनीची. ०.९ मैल, ईनो नदीच्या काठी. १९४९ च्या पहिल्या हंगामातल्या आठ जागांपैकी जुन्या मातीनिशी उरलेला ट्रॅक हाच. स्थानिक धर्मगुरूंचा रविवारच्या शर्यतींना विरोध होता. १९६८ च्या सप्टेंबरात शेवटची शर्यत झाली, आणि बिल फ्रान्सने पुढच्या वर्षी अलाबामात टॅलाडेगा हा मोठा ट्रॅक उघडला. ऑकोनीचीवर मग झाडं वाढली. आता राष्ट्रीय वारसा यादीत आहे, पायवाट केली आहे. वळणांचा उतार पायाला कळतो, स्टँडच्या काँक्रीटच्या पायऱ्या झाडांत दिसतात. शर्यतीच्या दिशेने चालायचं असेल तर नदी उजव्या हाताला राहिली पाहिजे. डाव्या हाताला आली, तर उलटं निघालात.